सव्विसाव्या पायरीवर

३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५

मोजून पंचवीस अंक. वहीत पहिल्यांदा उतरवले तेव्हा शेवटचे तीन अंक पानात मावले नाहीत, खालच्या ओळीवर गेले. मी पान फाडलं, वही आडवी धरली आणि पुन्हा लिहिलं. ही संख्या एका ओळीतच राहायला हवी असं वाटलं. तिच्याबद्दल जे सांगण्यासारखं आहे ते सगळं डावीकडून उजवीकडे जाताना घडतं. मध्येच ओळ तुटली की दम तुटल्यासारखं होतं.

तर डावीकडून सुरुवात करू. पहिला अंक ३. त्याला १ ने भाग जातो, त्यात काय विशेष. पहिले दोन अंक घेतले की ३६, त्याला २ ने निःशेष भाग जातो. पहिले तीन, ३६०, त्याला ३ ने. ३६०८ ला ४ ने, ३६०८५ ला ५ ने, ३६०८५२ ला ६ ने. इथवर कुणी भुवई उंचावणार नाही. पण ३६०८५२८ ला ७ नेही भाग जातो (भागाकार ५१५५०४), आणि मग लक्षात येतं की हे थांबणार नाहीये. आठ अंकांना ८ ने, नऊ अंकांना ९ ने, दहाला १० ने, अकराला ११ ने. सतरा अंकांच्या तुकड्याला १७ ने, तेवीस अंकांच्या तुकड्याला २३ ने. अख्ख्या पंचवीस अंकांना २५ ने.

पुढे मात्र वाट नाही. सव्विसावा अंक ० पासून ९ पर्यंत कोणताही ठेवून पाहा, २६ ने भाग जात नाही. आपल्या दशमान पद्धतीत याहून लांब अशी संख्याच नाही. पंचवीस अंकांची असली तरी ही एकच.

अशा संख्यांना इंग्रजीत पॉलिडिव्हिजिबल म्हणतात. मराठीत रुळलेला शब्द माझ्या कानावर आलेला नाही, म्हणून माझ्यापुरतं मी त्यांना ‘पायरीविभाज्य’ म्हणते. भाषेला हा शब्द आवडला तर ठेवावा, नाहीतर खुशाल टाकून द्यावा.

संख्या मोठी आहे, पण किती मोठी, याबद्दल मला स्वतःलाच दोनदा मत बदलावं लागलं. आधी वाटलं अफाट. भास्कराचार्यांनी दिलेल्या स्थानांच्या यादीत एक, दश, शत करत अठरावं आणि शेवटचं नाव येतं ते परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. त्या हिशेबाने ही संख्या तीन कोटी साठ लाख पंच्याऐंशी हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी परार्ध आणि वर काही. नावं संपली तरी संख्या सात घरं पुढे गेलेलीच आहे. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं धरलं तर सेकंदांत ते सुमारे ४.३५ परार्ध भरतं. दर सेकंदाला एक असं मोजत बसलं तर इथवर पोचायला अशी ऐंशी लाखांहून जास्त विश्वं जन्मून म्हातारी व्हावी लागतील.

मग पाण्याचा हिशेब केला आणि हवाच गेली. अठरा ग्रॅम पाण्यात साधारण सहावर तेवीस शून्यं इतके रेणू असतात. त्याच्या सहापट केली की छत्तीसवर तेवीस शून्यं, म्हणजे आपल्या संख्येच्या अगदी दारात. पाण्याचं वजन एकशे आठ ग्रॅम. लहानसा पेला. विश्वाच्या आयुष्यांनी मोजता न येणारी संख्या दोन घोटांत संपते. तेव्हापासून मी तिला मोठी म्हणायचं सोडलं. तिचं मोठेपण तिच्या आकारात नाहीच, असलं तर वेगळीकडे आहे.

ते शोधायचं तर तिच्याबरोबर पायी चालायला हवं होतं. संगणकाला विचारलं असतं तर त्याने पापणी लवायच्या आत ‘बरोबर’ असं सांगितलं असतं, आणि माझ्याकडे फक्त एक ‘बरोबर’ उरलं असतं. म्हणून पेन्सिल, खोडरबर आणि भागाकार.

पहिल्या काही पायऱ्या शाळेतल्या कसोट्यांवर निभावतात. शेवटचे दोन अंक पाहा, अंकांची बेरीज करा, शेवटी शून्य की पाच ते बघा. बारा, पंधरा, अठरा, वीस, चोवीस, हे सगळे अशाच जुन्या ओळखीवर सुटतात. अकरासाठी एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा करायच्या. पहिल्या अकरा अंकांत दोन्ही बेरजा चोवीस आल्या, अगदी समसमान, आणि मला उगाच आनंद झाला. मग सात आणि तेरा. इथे माझ्या आवडत्या संख्येची मदत झाली, १००१ ची. १००१ म्हणजे ७ × ११ × १३. त्यामुळे कितीही लांब संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे, एक गट मिळवायचा, पुढचा वजा करायचा, असं करत गेलं की हातात एक छोटी संख्या उरते, आणि तिला ७, ११ किंवा १३ ने भाग गेला तर मूळ संख्येलाही जातो. तेरा अंकांच्या तुकड्याचे गट ३, ६०८, ५२८, ८५०, ३६८. मिळवणी-वजाबाकी करून आले उणे ५५९. आणि ५५९ म्हणजे तेरा त्रेचाळीस. एवढा अवाढव्य आकडा आणि त्याचा निकाल असा पाढ्यात बसतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

सतरा, एकोणीस आणि तेवीस हे मात्र आडमुठे. त्यांना असली सोयीची कसोटी नाही. म्हणजे असतात काही, पण त्या लक्षात ठेवण्यापेक्षा सरळ भागलेलं बरं. सतरा अंकांना सतराने भागताना मी एक ओळ खाली, एक ओळ खाली करत पानाच्या तळाशी पोचले आणि बाकी शून्य आली. एकोणिसाव्या पायरीवर मात्र बाकी आली सात.

दोन दिवस मी असं धरून चालले की संख्याच चुकीची आहे. कुठेतरी छापताना एखादा अंक हलला असणार. हा निष्कर्ष किती सहज काढला, याची आता गंमत वाटते. अठरा पायऱ्या बिनचूक चढलेली संख्या खोटी ठरवायला मी तयार होते, पण आपला एक हातचा विसरला असेल हे मनात यायला दोन दिवस लागले. विसरलाच होता. एकोणीस साते एकशे तेहेतीस. मी एकशे तेवीस लिहिलं होतं.

वही पुन्हा उघडली तेव्हा प्रश्न बदलला होता. भाग जातो का, हे पाहून झालं होतं. हे अंक आले कुठून, हे पाहायचं होतं.

समजा आपणच अशी संख्या बांधायला बसलो. पहिला अंक १ ते ९ पैकी कोणताही, नऊ वाटा. दुसरा अंक सम हवा, पाच वाटा. तिसऱ्या जागी तीन किंवा चार पर्याय मिळतात, चौथ्या जागी दोन किंवा तीन, पाचव्या जागी नेमके दोन, शून्य किंवा पाच. सहाव्यापासून नवव्यापर्यंत कधी एक, कधी दोन. दहाव्या जागी एकच, शून्य. दहा पायऱ्यांपर्यंत कुणीही अडकत नाही, कारण दहा किंवा त्याहून लहान भाजकासाठी ० ते ९ मध्ये निदान एक तरी अंक लागू पडतोच. पण पर्याय आटत जातात. आणि अकराव्या पायरीपासून गोष्टच बदलते. भाजक दहाहून मोठा झाला की लागू पडणारा अंक असलाच तर एकच असू शकतो, आणि नसूही शकतो. हातातल्या तुकड्यापुढे शून्य लावा, भाजकाने भागा, बाकी पाहा. भाजकापर्यंत पोचायला जितके कमी पडतात तो पुढचा अंक. बाकी शून्य असेल तर पुढचा अंकही शून्य. कमी पडणारे नवाहून जास्त असतील तर खेळ संपला.

म्हणजे दहाव्या अंकानंतर निवड उरतच नाही! आणि दहावा तर शून्यच असतो. तेव्हा पंचवीस अंकांच्या या संख्येचं सगळं जे काही आहे ते पहिल्या नऊ अंकांत ठरलेलं आहे. ३६०८५२८८५. बाकीचे सोळा अंक यातून आपोआप उलगडतात. शून्य लावून अकराने भागलं, बाकी ८, म्हणून पुढचा अंक ३. बाराने भागलं, बाकी ६, म्हणून ६. तेराने भागलं, बाकी ५, म्हणून ८. पुढे ४. मग पंधरा आणि सोळाच्या पायऱ्यांवर बाकीच उरली नाही, म्हणून ती दोन शेजारशेजारची शून्यं. माझ्या नजरेला ती आधी रिकामी जागा वाटली होती. आता कळलं की तिथे वाट इतकी सरळ होती की काही मिळवावंच लागलं नाही.

इथे आयुष्याशी तुलना करायचा मोह फार होतो. बालपणी वाटा अनेक, पुढे एकेक दार बंद, मग सगळं पूर्वी केलेल्या निवडींचं देणं. लिहायला बसलं की असली वाक्यं आपण होऊन हाताशी येतात. पण आयुष्यात सोळाव्या वर्षी सरळ वाट लागली म्हणून दोन शून्यं पडत नाहीत, आणि भागाकाराला पश्चात्ताप होत नाही. तुलना इथेच सोडते.

निवडीचा परिणाम मात्र किती बारीक असतो ते पाहायला मला आठवी जागा सापडली. ३६०८५२८ नंतर नियमाने ० चालतो आणि ८ ही चालतो, दोघांनाही आठाने भाग जातो. आपल्या संख्येत ८ आहे. मी शून्य घेऊन पाहिलं. नववा अंक ४ आला, मग ०, मग ७, २, ८, ८, ५. संख्या छान चालली होती. पंधरा अंक झाले, ३६०८५२८०४०७२८८५. सोळाव्या पायरीवर बाकी २ आली, म्हणजे १४ हवे होते. संपली. सख्खी बहीण, सातव्या अंकापर्यंत एकाच रक्ताची. आठव्या जागी एकीने शून्य घेतलं आणि दुसरीने आठ. एक पंधरावर थांबली, एक पंचवीसपर्यंत गेली. आठ घेणं शहाणपणाचं होतं असं म्हणावं, तर त्या पायरीवर उभं राहून तसं कळण्याची काही सोय नव्हती.

अशा सगळ्या संख्या मोजून झालेल्या आहेत. एक अंकी नऊ, दोन अंकी पंचेचाळीस, तीन अंकी दीडशे. वाढत वाढत नऊ अंकी २४९२, आणि दहा अंकीही तितक्याच २४९२, कारण प्रत्येकीला पुढे फक्त शून्य जोडायचं असतं. हे शिखर. अकरा अंकी २२२५ उरतात. पंधरा अंकी ७७०. वीस अंकी ४४. मग १८, १२, ६, ३ आणि १. सगळ्या मिळून २०,४५६.

चोवीस अंकांच्या त्या तिघी मी वहीत एकाखाली एक मांडल्या होत्या.

१४४४०८६४५०४८२२५६३६६०३८१६
३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२
४०२८५२१६८०७२९००८२८००९२१६

पंचवीसने भाग जायचा तर शेवट ००, २५, ५० किंवा ७५ असाच हवा. पहिली आणि तिसरी ६ वर संपतात, त्यांच्यापुढे काहीही लिहिलं तरी शेवट साठ ते एकोणसत्तर. जमणार नाही. मधली २ वर संपते. पुढे ५ ठेवला की पंचवीस. चोवीस पायऱ्या तिघी बरोबरीने आल्या आणि शेवटचा निकाल लहान मुलालाही सांगता येईल अशा कसोटीने लागला. मला वाटलं होतं की इतक्या वर काहीतरी गूढ कारण असेल.

कारणाच्या मागे मी पुष्कळ दिवस लागले. ही संख्या पंचवीस अंकांवरच का थांबावी? अठ्ठावीस का नाही, एकवीस का नाही? उत्तर मिळालं, पण मला हवं होतं तसं नाही. अंदाजाचं गणित असं. नव्या पायरीवर दहा अंक उपलब्ध आणि भाजक समजा पंधरा, तर तुकडा जगण्याची शक्यता साधारण दहा पंधरांश. अशा सगळ्या पायऱ्यांचे अपूर्णांक गुणत गेलं की त्या लांबीच्या किती संख्या असाव्यात त्याचा अंदाज निघतो. दहा अंकांसाठी तो येतो २४८०. प्रत्यक्षात आहेत २४९२. बारा संख्यांची तफावत! अंकांचे इतके नियम, इतक्या कसोट्या, आणि शेवटी सगळं जवळजवळ फासे टाकल्यासारखं वागतं. सगळ्या लांबींचे अंदाज मिळवले की बेरजेत अचानक e येतो, तोच २.७१८ वाला, चक्रवाढीच्या गणितात भेटणारा. e चा दहावा घात, त्यातून एक वजा, त्याचे नऊ दशांश. सुमारे १९,८२३. खऱ्या २०,४५६ पासून तीन टक्क्यांच्या आसपास दूर. ज्या गोष्टीत e चा काही संबंध नाही असं मी शपथेवर सांगितलं असतं, तिथे तो पाटावर येऊन बसलेला.

आणि पंचवीस अंकी संख्या किती असाव्यात? अंदाज सांगतो ०.५८. म्हणजे अर्ध्याहून किंचित जास्त. एक असेल, नसेलही. नसती तरी कुठल्या सिद्धांताला धक्का बसला नसता, चोवीस अंकी तिघी शेवटच्या ठरल्या असत्या आणि मी त्यांच्यावर लिहीत बसले असते. आहे, कारण आहे. शहाणी माणसं इथे ‘योगायोग’ म्हणून पुढे जातात. मला तो शब्द पुरत नाही. योगायोग म्हटलं की दुसऱ्या वेळी वेगळं घडू शकलं असतं असं गृहीत असतं. इथे दुसरी वेळ नाही. दहा बोटांच्या कुणीही, कुठेही, केव्हाही हे भागाकार मांडले तर याच पंचवीस अंकांशी येऊन थांबणार. जिला घडण्याचं कारण नाही आणि न घडण्याची मुभाही नाही, अशा गोष्टीला काय म्हणायचं, हे मला अजून सापडलेलं नाही.

‘दहा बोटांच्या’ हे सहज लिहून गेले, पण ते महत्त्वाचं आहे. ही सगळी करामत राशीची नाही, लिपीची आहे. तेवढेच पाण्याचे रेणू दुसऱ्या पायावर लिहिले, म्हणजे दहाऐवजी दोनच किंवा तीनच अंक वापरून, की अंक बदलले, तुकडे बदलले, गंमत गेली. दोनाच्या पायावर हा खेळ जेमतेम दुसऱ्या अंकापर्यंत टिकतो. तीनाच्या पायावर मी तो एका पाकिटाच्या मागच्या बाजूवर पूर्ण केला. सगळ्या मिळून पंधरा संख्या निघतात, आणि सहा अंकांपर्यंत दोघीच पोचतात, आपल्या भाषेत ३३० आणि ५१०. सातव्या पायरीवर एकीला ४ हवे होते, दुसरीला ३, आणि तीनाच्या पायात दोनच्या वर अंकच नसतो. पाकिटावर पूर्ण मावणारं हे छोटं झाड हाताने उतरवल्यावर मोठं झाड कसं असेल याचा अंदाज आला. मोठं झाडही माणसाच्या आवाक्याबाहेर नाही, बरं का. पंचवीस अंकी संख्या एकेक करून तपासायच्या म्हटलं तर विश्वाची आयुष्यं पुरणार नाहीत. पण मुळापासून फांदीफांदीने चढायचं तर एकूण भागाकार वीस हजार चारशे छपन्न. एकाला पाच मिनिटं धरली आणि रोज आठ तास बसलं तर सव्वादोनशे दिवसांच्या आत काम संपतं. मग ‘याहून लांब नाही’ हे कुणाच्या सांगण्यावरून मानायला नको. एवढं करायला मी बसणार नाही, पण बसता आलं असतं, याचं समाधान वेगळं आहे.

एक विसंगती मात्र मला सगळ्यांत जास्त आवडते. जिच्या तुकड्यांना १ पासून २५ पर्यंत एकेकाने रांगेत भाग जातो, ती अख्खी संख्या स्वतः फारशी विभाज्य नाही. शेवटी ५, म्हणून सम नाही. अंकांची बेरीज ११०, म्हणून तीनने भाग जात नाही. सात, अकरा, तेरा, तिघांनाही ती दाद देत नाही. १००१ ची युक्ती लावून पाहिलं, ५१६ उरले. पंचवीसपर्यंतच्या संख्यांपैकी सम आणि तीनाच्या पटीतल्या सगळ्या तर आधीच बाद. सतरा, एकोणीस, तेवीसही जमत नाहीत. १ सोडला तर उरतात ती तिच्या नशिबातली ५ आणि २५. वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामाला ज्याचं त्याचं देणं चुकतं केलं, पण पुढे जाताना मागचं काहीच बरोबर नेलं नाही.

या कुटुंबातली सर्वांत देखणी संख्या ही नव्हेच, हेही कबूल करायला हवं. तो मान ३८१६५४७२९ चा. एक ते नऊ हे अंक प्रत्येकी एकदाच, आणि तरी नऊही पायऱ्या बिनचूक. अशी दुसरी नाही. तिला शोधायला भागाकार फारसे लागतही नाहीत, विचार लागतो. पाचव्या जागी ५ च हवा. सम जागांवर सम अंक, म्हणून विषम जागांवर विषम. चौथ्या आणि आठव्या जागी २ आणि ६ च बसू शकतात, मग दुसऱ्या आणि सहाव्यासाठी ४ आणि ८ उरतात. चौथा, पाचवा, सहावा मिळून २५८ किंवा ६५४. असं करत दहा उमेदवार राहतात आणि सात हा आकडा त्यातल्या नऊ जणांना घरी पाठवतो. पावसाळी दुपारी करावं असं काम आहे. अशी रेखीव संख्या पुढे किती टिकते म्हणून पाहिलं. शून्य, मग ६, ०, ८. तेरा अंक. चौदाव्या पायरीवर बारा हवे होते. आमची पंचवीस अंकांची नायिका तिच्यापुढे अगदीच अव्यवस्थित. आठ तीनदा सुरुवातीलाच, शून्यं पाच, आणि ९ आणि १ हे तर तिच्यात नाहीतच. शोधून पाहा, नाहीत.

सव्विसाव्या पायरीचं सांगायचं राहिलं. शून्य लावून २६ ने भागलं की बाकी १२ येते. हवे १४. मी १४ चे दोन भाग करून पाहिले, २६ म्हणजे २ × १३ म्हणून. नुसत्या १३ ने भाग जायला १ ठेवला तरी पुरतो. पण १ ठेवला की संख्या विषम. सम करायला पुढचे तेरा मिळवावे लागतात, ते झाले १४, आणि एका घरात चौदा मावत नाहीत. तेराचा अडथळा ती ओलांडते. दोनने अडते.

हल्ली रात्री झोपण्याआधी मी एखादं नऊ अंकी बी पेरून पाहते. कालचं बी सर्वांत भाबडं होतं. १२३ ने सुरुवात केली. १२ ला २ ने भाग जातो, १२३ ला ३ ने. चौथा अंक २ किंवा ६ चालतो, मी ६ घेतला. पाचवा ५. तिथून पुढे मला काही ठरवावंच लागलं नाही, एकेका जागी एकच अंक बसत होता. ४. मग ३. मग २. मग १. वहीत दिसत होतं १२३६५४३२१. मी उठून बसले. दहावा अर्थातच ०. मग आले १, २, ३. पुन्हा वर चढायला लागली होती. मग २. चौदा अंक झाले, १२३६५४३२१०१२३२, सगळ्या पायऱ्या चोख. पंधराव्या पायरीसाठी शून्य लावलं, भागलं. बाकी ५.

हवे होते दहा.